एका गुणाचाही हिशेब ठेवणाऱ्या एनसीएएला खुले पत्र

प्रति,
श्री. चार्ली बेकर, अध्यक्ष, एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था), इंडियानापोलिस
तसेच बिग टेन, एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या परिषदांचे (विद्यापीठांच्या स्पर्धागटांचे) आयुक्त

विषय : अमेरिकन फुटबॉलच्या नियमपुस्तकातला काटेकोरपणा पैशाच्या व्यवहारातही आणण्याबाबत

स.न.वि.वि.

तुमच्या फुटबॉल नियमपुस्तकाचा आठवा भाग गुणांचा आहे. त्याच्या सुरुवातीलाच एक छोटा तक्ता आहे. टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेण्याचे) 6 गुण, फील्ड गोलचे (किक मारून चेंडू खांबांमधून घालण्याचे) 3, सेफ्टीचे 2. टचडाउननंतर जी जादा संधी मिळते तिला ट्राय म्हणतात. त्यात चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेला तर 2 आणि किक मारून खांबांमधून घातला तर 1. टीव्हीवर दोन-चार सामने पाहिलेल्या कुणालाही इतकं ठाऊक असतं. पण तिथेच आणखी एक नोंद आहे : ट्रायमध्ये सेफ्टी झाली तर 1 गुण. या नोंदीपायी मला तुमचं पुस्तक आवडतं आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहिते आहे.

हे पत्र तुमच्याबरोबर अमेरिकेतली आणि इकडे यायच्या तयारीत असलेली मराठी घरंही वाचतील, म्हणून थोडं उलगडून सांगते. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं की सेफ्टी होते आणि गुण समोरच्या संघाला मिळतात. ट्रायच्या वेळी असं होणं फार अवघड. तरी होतं. 3 जानेवारी 2013 ला ॲरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये फिएस्टा बोल चालू होता, ऑरेगन विरुद्ध कॅन्सस स्टेट. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑरेगननं टचडाउन केला. जादा गुणाची किक कॅन्सस स्टेटनं अडवली आणि चेंडू त्यांच्याच हाती आला. तिथेच थांबले असते तर विषय संपला असता. पण चेंडू घेऊन पळण्याच्या धडपडीत ते स्वतःच्या एंड झोनमध्ये सापडले आणि पाडले गेले. ऑरेगनला 1 गुण. रेफ्रीनं निर्णय सांगितला, फलकावरचा आकडा एकानं वाढला आणि खेळ पुढे सुरू झाला. त्याआधी 2004 च्या नोव्हेंबरात टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांच्या सामन्यातही टेक्सासला असाच एक गुण मिळाला होता. दोन्ही वेळा कुणाला बैठक बोलवावी लागली नाही की कुणी कोर्टात धाव घेतली नाही. उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं.

याच नियमाची दुसरी बाजू तर याहून विलक्षण आहे. ट्राय तीन यार्डांच्या रेषेवरून होतो. आक्रमक संघाचा खेळाडू चेंडू घेऊन उलटा पळत सुटला, तब्बल 97 यार्ड मागे स्वतःच्या एंड झोनमध्ये गेला आणि तिथे पाडला गेला, तर बचाव करणाऱ्या संघाला 1 गुण. मैदानावर प्रत्यक्ष खेळून एखाद्या संघाच्या नावावर सामन्याअखेर फक्त 1 गुण राहण्याचा हा एकच मार्ग. मोठ्या सामन्यात असं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, तरी तुम्ही ते लिहून ठेवलंय. यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर फलंदाजी करणाऱ्या संघाला 5 धावा, हा क्रिकेटमधला नियम आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो. त्याच जातीची ही दूरदृष्टी आहे.

आणि तुम्ही नुसते काटेकोर नाही, पुढेही होता. ट्रायमध्ये दोन गुणांचा पर्याय कॉलेज फुटबॉलनं 1958 साली आणला, एनएफएल या व्यावसायिक लीगला तो आणायला 1994 उजाडलं. अडवलेला ट्राय बचाव संघानं उलट दिशेला शेवटपर्यंत पळवत नेला तर त्याला 2 गुण, हे तुम्ही 1988 मध्ये मान्य केलं, एनएफएलनं 2015 मध्ये. नियमाच्या कलमांखाली तुम्ही नमुन्याचे प्रसंग छापता. अ संघानं असं केलं, ब संघानं तसं केलं, चेंडू इथे पडला, तर निर्णय काय. प्रसंग घडायच्या आधी त्याचा विचार करून ठेवणारी आणि तो विचार सगळ्यांना वाचायला देणारी माणसं तुमच्याकडे आहेत, याचा हा पुरावा आहे.

मग पैशाचा प्रश्न आला की ही माणसं कुठे जातात?

1955 सालची एक घटना तुमच्याच इतिहासात आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीनं कामगार भरपाई मागितली. 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. एक कारण असं दिलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. त्या काळी त्या छोट्या कॉलेजपुरतं ते खरं असेलही. पण ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी टीव्हीच्या हक्कांवरून तुमच्याविरुद्धच भरलेला खटला 1984 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात 7 विरुद्ध 2 मतांनी जिंकला. प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या आणि परिषदांच्या हाती गेले. त्यानंतरही ‘आम्ही धंद्यात नाही’ हीच भूमिका खेळाडूंपुढे मांडली गेली. आज प्लेऑफचे, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यांचे, हक्क ईएसपीएन या क्रीडा वाहिनीकडे सहा वर्षांसाठी 780 कोटी डॉलरला आहेत. बिग टेननं 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला सात वर्षांचा करार 700 कोटी डॉलरच्या पुढे गेला.

हा सगळा पैसा येत असताना खेळाडूचं काय, याचं उत्तर तुम्ही आपणहून फारसं कधी दिलं नाही. मोठा बदल प्रत्येक वेळी कुणीतरी करायला लावला. 2019 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, मग इतर राज्यांनी, तेव्हा कुठे 1 जुलै 2021 पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमावता येऊ लागले. त्याच्या थोडंच आधी, 21 जून 2021 ला, खेळाडूंच्या शिक्षणाशी निगडित लाभांवर तुम्ही घातलेल्या मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती तुमच्या विरोधात गेले. आणि 6 जून 2025 ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली : जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलर आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा. डेनिसनच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी.

मी आयोवात राहते. इथे गुण आणि पैसा यांचं नातं जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून इथलंच सांगते.

आयोवाचा संघ बचावावर जगतो. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये यांनी पेन स्टेटला 6–4 असं हरवलं. बेसबॉलचा वाटावा असा हा स्कोअर. आयोवाचे दोन फील्ड गोल, पेन स्टेटच्या दोन सेफ्टी. त्यातली दुसरी सेफ्टी आयोवाचे प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांनी मुद्दाम दिली. 6–2 अशी आघाडी होती, चेंडू स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकलेला. अडचणीच्या जागेवरून पंट मारून (चेंडू समोरच्या संघाकडे पायानं लांब टोलवून) तो अडवला जाण्याचा धोका पत्करण्यापेक्षा दोन गुण देऊन टाकले, मोकळी किक मिळवली आणि बाकीचं बचावावर सोपवलं. बचावानं शब्द राखला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये साउथ डकोटा स्टेटविरुद्ध 7–3 असा विजय मिळवला तेव्हा आयोवाचा एकही टचडाउन नव्हता : एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. इतर ठिकाणी लोक या स्कोअरना हसतात. मला त्यात खेळाची समज दिसते. चेंडू मैदानात नेमका कुठे आहे यावर सामना फिरतो, हे या दोन सामन्यांइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

2022 चा तो सामना जिंकण्यात टोरी टेलरचा मोठा हात होता. मेलबर्नहून आलेला हा पंटर. समोरच्या संघाला त्याच्याच गोलरेषेजवळ कोंडून ठेवायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो अशा सफाईनं करायचा की आयोवाच्या किनिक स्टेडियममध्ये पंटला टाळ्या पडायच्या. चेंडू गोलरेषेच्या अलीकडे पडून बाजूला वळायचा आणि लोक टचडाउन झाल्यासारखे उभे राहायचे. 2023 च्या मोसमात त्यानं 4,479 यार्ड पंट मारले. एका मोसमातला आधीचा विक्रम 4,138 यार्डांचा होता आणि तो 1938 पासून कुणी मोडला नव्हता.

आता त्याच 2023 च्या मोसमातला एक करार पाहा. आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन फेरेंट्झ हे मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव. आधीच्या वर्षी आक्रमण फारच फिकं पडलं, म्हणून विद्यापीठानं त्यांचा करार बदलला. पगार 9 लाखांवरून साडेआठ लाख डॉलरवर आणला आणि अट घातली : संघानं सामन्यामागे सरासरी 25 गुण काढायचे आणि किमान 7 सामने जिंकायचे. त्या 25 मध्ये बचावानं काढलेले गुणही धरायचे होते. म्हणजे बचावपटूनं सेफ्टी केली तर ते दोन गुण आक्रमणाच्या प्रशिक्षकाच्या खात्यात. फिएस्टा बोलमधल्यासारखा एखादा गुण मिळाला असता तर तोही जमा झाला असता. संघानं 10 सामने जिंकले, पण सरासरी 15.4 राहिली; मोसम संपायच्या आधीच त्यांना पुढे ठेवणार नसल्याचं जाहीर झालं.

गुण मोजून पगार ठरवणं योग्य की अयोग्य, या वादात मला पडायचं नाही. पण तो करार लेखी होता, आकडे स्वच्छ होते आणि गावातल्या प्रत्येकानं ते वर्तमानपत्रात वाचले होते. सरासरी किती झाली हे लोक दर शनिवारी मोजत होते.

आणि टेलर? त्या सगळ्या मोसमात त्याला स्वतःच्या नावावर एक डॉलर कमावता येत नव्हता, कारण तो एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर होता. पंटिंग इज विनिंग असं छापलेले त्याचे टी-शर्ट इथे हातोहात खपले. नफा धर्मादाय कामाला गेला. शेजारच्या लॉकरमधला अमेरिकन मुलगा गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे घेत होता.

पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून इथे शिकायला आलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. आय-20 या विद्यापीठाच्या व्हिसापत्रावरची सही, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आणि तेही कॅम्पसवरच, बाहेर काम करायचं तर सीपीटी किंवा ओपीटी ही परवानगी. एक चूक झाली तर परतीचं तिकीट. मीही एफ-1 वरच आले होते आणि ग्रंथालयात पुस्तकं लावताना तासांचा हिशेब वहीत लिहून ठेवायचे. म्हणून टेलरच्या टी-शर्टची बातमी वाचली तेव्हा तो मला परका वाटला नाही. तुमच्या संघांत आज ऑस्ट्रेलियाचे पंटर आहेत, आफ्रिकेतून आलेले लाइनमन आहेत. बास्केटबॉलमध्ये केंटकीचा ऑस्कर चिबवे हा कांगोचा मुलगा. त्यानं 2022 मध्ये संघ बहामाजला गेला असताना अमेरिकेच्या हद्दीबाहेर जाहिरातींचं काम उरकून घेतलं. कायद्याच्या कडेकडेनं वाट काढण्याची वेळ वीस-बावीस वर्षांच्या मुलावर का यावी? आणि आता विद्यापीठच थेट पैसे वाटू शकतं, तेव्हा एफ-1 वरच्या मुलानं तो वाटा घेतला तर व्हिसा राहतो की जातो, यावर वकिलांची मतं वेगवेगळी आहेत. तुमच्या नमुन्याच्या प्रसंगांत हा प्रसंग कुठे आहे? असा मुलगा तर जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात आहे.

टीव्हीच्या सोयीसाठी मात्र तुम्ही नियम भराभर बदलता. 2023 पासून पहिला डाउन (दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणाऱ्या नव्या संधी) मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. खेळाडूंवरचा ताण कमी व्हावा म्हणून, असं सांगितलं गेलं, आणि ते मला मान्य आहे. पुढच्याच वर्षी दोन मिनिटं उरली असताना सक्तीचा टाइमआउट आला. जाहिरातींची जागा अशी पक्की झाली. स्टेडियममध्ये बसणाऱ्यांना लाल टोपी घातलेला एक माणूस चांगला ओळखीचा असतो. तो मैदानात येऊन उभा राहिला की जाहिराती चालू आहेत असं समजायचं. तो बाजूला होईपर्यंत बावीस खेळाडू, रेफ्री आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं थांबून राहतात. नोव्हेंबरच्या आयोवात ते थांबणं हाडांत शिरतं. त्याच मैदानात पहिला क्वार्टर संपला की सगळे प्रेक्षक, खेळाडू आणि रेफ्रीसुद्धा शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून हात हलवतात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून मुलं हात हलवतात. 2017 पासून ही प्रथा आहे, एका चाहतीनं सुचवली आणि लोकांनी उचलली. त्या मिनिटासाठी कुणाशी करार करावा लागला नाही. या खेळावर लोकांचं प्रेम कशासाठी आहे ते पाहायचं असेल तर एखाद्या शनिवारी या.

परिषदांच्या फेरमांडणीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. 2024 पासून न्यू जर्सीचं रटगर्स आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए एकाच परिषदेत आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर असूनही अटलांटिक कोस्ट परिषदेत गेले. पॅक-12 मध्ये मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोनच. हे सगळं फुटबॉलच्या प्रक्षेपणासाठी झालं, पण देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानानं जायची वेळ व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींवरही आली. त्यांच्या वाट्याला त्या टीव्ही-पैशातलं फारसं काही येत नाही आणि सोमवारी सकाळी परीक्षा असते.

पैसा नाही असं मात्र म्हणू नका. 2023 च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. काम थांबवण्याचे पैसे. हाउस तडजोडीची मर्यादा पाहिली तर एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून तीन वर्षांत वाटता येईल त्याहून ही रक्कम मोठी आहे. प्रशिक्षकाला काढलं तर काय द्यायचं, हे त्याच्या करारात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. खेळाडूचा गुडघा गेला तर त्याच्या वाट्याच्या रकमेचं काय, हे मात्र विद्यापीठागणिक बदलतं आणि बाहेरच्या कुणाला वाचायला मिळत नाही.

ऑगस्ट 2024 पासून पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांनी खेळाडूच्या खेळातल्या दुखापतींचा खर्च तो बाहेर पडल्यावर किमान दोन वर्षं उचलायचा, असा नियम तुम्ही केला. हा तुम्ही केलेला चांगला नियम आहे आणि त्याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. पण फुटबॉलमध्ये डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम दोन वर्षांत दिसतील असं नाही. ते चाळिशीत, पन्नाशीत दिसतात. ही मुदत वाढवा. प्लेऑफच्या 780 कोटींतला काही भाग दरवर्षी बाजूला काढून त्याचा निधी करा. तो किती असावा हे तुमच्या हिशेबनिसांनी सांगावं, पण आकडा जाहीर करावा.

वाटपाचं नियमपुस्तकही छापा. नव्यानं स्थापन झालेला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन खेळाडूंचे 600 डॉलरवरचे बाहेरचे करार तपासतो. कोणता करार मंजूर, कोणता नामंजूर आणि का, याचे नमुन्याचे प्रसंग नावं गाळून प्रसिद्ध करा, जसे खेळाच्या नियमांखाली करता अगदी तसेच. अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचू शकतील अशा भाषेत. अनेक सरकारी विद्यापीठांत क्रीडा विभागाचा खर्च सर्व विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवला जातो. आपली मुलं ती फी भरतात आणि बहुतेकांना ती भरतोय हे कळतही नाही, कारण बिलात ती इतर शुल्कांत मिसळलेली असते. ती वेगळ्या ओळीत दाखवणं सदस्य विद्यापीठांना बंधनकारक करा.

तुम्ही सध्या अमेरिकन काँग्रेसकडे एक गोष्ट मागताय : मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण आणि खेळाडू हे कर्मचारी नाहीत असं कायद्यात लिहून देणं. माझा त्याला विरोध आहे. वाटाघाटीला बसायला खेळाडूंची संघटना नसताना असं संरक्षण मिळालं, तर गेल्या दहा-बारा वर्षांत कोर्टानं जे मिळवून दिलं त्याच्या पुढचा रस्ताच बंद होईल. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी 2014 मध्ये संघटना करायचा प्रयत्न केला, पण 2015 मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळानं त्या प्रकरणात अधिकार वापरायला नकार दिला. ते दार तुम्ही स्वतः उघडू शकता. खेळाडूंनी निवडलेल्या प्रतिनिधींशी करार करा. असा करार झाला तर संरक्षणाचा बराचसा प्रश्न आपोआप सुटतो, हे एनएफएलमध्ये गेली कित्येक वर्षं चालू आहे.

आणि वॉशिंग्टनला जाताच आहात, तर एफ-1 वरच्या खेळाडूंची तरतूद मागणीपत्रात पहिल्या पानावर घाला. तिला कोणत्याही पक्षानं विरोध करावा असं त्यात काही नाही. तुमच्या वकिलांकडे मसुदा तयार नसेल तर आयोवा, पर्ड्यू, केंटकी या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांना विचारा. त्यांनी हे प्रश्न रोज हाताळले आहेत. पुढचा मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. तोपर्यंत निदान एवढं एक पत्रक तुमच्या सहीनं निघावं : एफ-1 वरच्या खेळाडूनं विद्यापीठाकडून वाटा घेतला तर काय होतं, जाहिरात केली तर काय होतं, आणि दोन्ही नाकारले तर विद्यापीठ त्याची रक्कम त्याच्या नावे राखून ठेवणार की नाही.

कळावे,
आपली नम्र,
आयोवा सिटीतील एक मराठी प्रेक्षक